पाळीच्या तक्रारी : आधी कारण, मग गोळी

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीभोवती फिरतात: पाळी वेळेवर येत नाही, किंवा आली की थांबत नाही. उत्तरांकडे वळण्यापूर्वी मोजण्याची पद्धत सांगायला हवी, कारण बऱ्याच पत्रांतला गोंधळ तिथूनच सुरू होतो. नीट रक्तस्राव सुरू होतो तो पाळीचा पहिला दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग धरायचा नाही. त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. प्रौढ स्त्रीत हे अंतर २४ ते ३८ दिवस असेल आणि रक्तस्राव आठ दिवसांच्या आत थांबत असेल, तर ती पाळी नियमितच आहे. एकदा २७ आणि पुढच्या वेळी ३२ दिवस झाले तरी काही बिघडत नाही. २६ दिवसांचं चक्र असलेल्या बाईला २ तारखेला आणि पुन्हा २८ तारखेला पाळी येते. ‘महिन्यातून दोनदा येते’ म्हणून ती घाबरते, पण तिचं चक्र अगदी व्यवस्थित चाललेलं असतं.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. वर्षभरापूर्वी पाळी सुरू झाली. कधी ४० दिवसांनी येते, एकदा तर दोन महिने आलीच नाही. सोनोग्राफी करून घ्या, पीसीओडी असेल, असं जाऊबाई म्हणतात. करावी का? (सातारा)

सोनोग्राफीची घाई करू नका. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि बीजकोश यांचा मेळ बसत असतो. या काळात बऱ्याच महिन्यांत स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होत नाही, आणि ते नसलं की गर्भपिशवीचं आतलं अस्तर ठरल्या वेळी सुटत नाही. ते वाढत राहतं आणि कधीतरी, पुष्कळदा जास्त प्रमाणात, गळून येतं. म्हणून पहिल्या वर्षी पाळी मागेपुढे होणं अपेक्षितच असतं. त्यापुढच्या दोन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर ठीक समजतात.

सोनोग्राफी आत्ता का नको, तेही सांगतो. या वयात निरोगी मुलीच्या बीजकोशातही लहान लहान बीजपुटिका भरपूर दिसतात. रिपोर्टवर ‘पीसीओ’ (बीजकोशात अनेक पुटिका) लिहून येतं आणि तो शिक्का मुलीला आयुष्यभर चिकटतो. पीसीओएससाठी (पीसीओडी म्हणतात तो हाच, पुरुषी संप्रेरकं वाढून पाळी बिघडण्याचा विकार) २०२३ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये.

डॉक्टरांकडे न्यायची वेळ वेगळी. दोन पाळ्यांमध्ये ९० दिवसांहून जास्त अंतर पडलं, पाळी सारखी २१ दिवसांच्या आत येऊ लागली, रक्तस्राव आठ दिवसांपुढे गेला, तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजू लागलं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडू लागल्या किंवा मुलीला चक्कर येऊ लागली, तर न्या. अगदी पहिल्या पाळीपासूनच रक्तस्राव फार असेल आणि सोबत नाकातून रक्त येणं, हिरड्यांतून रक्त येणं, किरकोळ लागलं तरी निळे-काळे डाग उठणं असं काही असेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी मागून घ्या. व्हॉन विलेब्रँड हा त्यातला नेहमी आढळणारा आजार. अशा मुलींना ‘वाढतं वय आहे’ म्हणून वर्षानुवर्षं घरी बसवलं जातं आणि हिमोग्लोबिन सातवर येतं, हे पाहवत नाही.

तोवर एका कॅलेंडरवर पाळीचे दिवस आणि रोजची पॅडची संख्या लिहायला मुलीलाच शिकवा. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ती जेवणानंतर घेऊ द्या. मळमळते म्हणून दप्तरात साठू देऊ नका.

प्रश्न : वय २४, पुण्यात नोकरी. पाळी ४५ ते ७० दिवसांनी येते. हनुवटीवर जाड केस येतात. सोनोग्राफीत ‘दोन्ही बाजूंना पीसीओडी’ आलं. सहा महिने गोळ्या घेतल्या तेव्हा पाळी अगदी वेळेवर यायची. बंद केल्या आणि पुन्हा तेच. लवकर लग्न कर, नाहीतर मूल व्हायचं नाही, असं आई म्हणते. हा आजार बरा होतो का?

सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला तरी तुमच्या लक्षणांवरून पीसीओएसची शक्यता दिसते. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीतली अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण (चेहऱ्यावर, छातीवर जाड केस, हट्टी मुरमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन) आणि बीजकोशाचं विशिष्ट रूप. पहिल्या दोन तुमच्याकडे आहेत. पण शिक्कामोर्तब करण्यापूर्वी हीच लक्षणं देणारे इतर आजार वगळावे लागतात. त्यासाठी टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (ॲड्रिनल ग्रंथीच्या दोषासाठी) तपासतात, आणि गरज असेल तर गर्भधारणेची चाचणी. प्रोलॅक्टिनसाठी रक्त सकाळी, थोडा वेळ शांत बसून द्या. धावतपळत जाऊन दिलं तर आकडा उगाच वाढलेला येतो. संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासून उपयोग नाही, त्या थांबवून तीन महिने जाऊ द्यावे लागतात. एवढ्याच महत्त्वाची आणि नेमकी विसरली जाणारी तपासणी साखरेची: उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा. सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉन आणि कमरेचा घेर. आपल्याकडच्या स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की लक्ष द्यायचं.

संप्रेरकांच्या त्या गोळ्या चालू असताना जो रक्तस्राव व्हायचा, तो गोळीच्या मधल्या खंडामुळे होता. बीजकोश त्या काळात विश्रांती घेत होते. त्यामुळे गोळ्या बंद केल्यावर जुनं चक्र परतणं ठरलेलंच. याचा अर्थ गोळी वाया गेली असा नाही. ती दोन कामं नीट करते: अस्तराचं रक्षण आणि पुरुषी संप्रेरकांना आळा. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर अस्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाखाली वाढत राहतं, आणि अनेक वर्षं असं चाललं तर त्यात कर्करोगपूर्व बदल होऊ शकतात. म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी अस्तर सुटायला हवं. रोजची गोळी नको असेल तर डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी दहा दिवस प्रोजेस्टेरॉन गटातली गोळी देतात. ती संपल्यावर साधारण आठवड्याभरात रक्तस्राव होतो.

गोळी निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. तुम्हाला डोकेदुखीपूर्वी डोळ्यांसमोर लखलखाट किंवा नागमोडी रेषा दिसतात का? घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? उत्तर ‘हो’ असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळायची. सायप्रोटेरॉन असलेली गोळी आपल्याकडे सर्रास पहिलीच म्हणून लिहिली जाते. तिच्यात गुठळीचा धोका इतर काही गोळ्यांपेक्षा जास्त आहे, तेव्हा साध्या गोळीने भागत असेल तर तीच बरी. केसांवर गोळीचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात. दुसऱ्याच महिन्यात निराश होऊन सोडू नका.

वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी पुष्कळजणींची पाळी सुधारते. ७५ किलोच्या स्त्रीसाठी हे चार ते सात किलो झाले. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांनी उपाशी राहू नये. आठवड्याला १५० मिनिटं दमवणारं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम एवढं जमवा. भात, दूध, बटाटा पूर्ण बंद करण्याची गरज नाही. दर जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यांपैकी काहीतरी हवं आणि भाताचा डोंगर अर्धा करावा. साखर किंवा वजन यांचा त्रास असेल तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध देतात. ते ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणानंतर, आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावं. सुरुवातीलाच मोठा डोस घेतला की जुलाब होतात आणि बाई औषध टाकून देते.

‘बरा होतो का’ याचं सरळ उत्तर: ही प्रवृत्ती पूर्ण जात नाही, ताब्यात मात्र राहते. आणि लग्नाची घाई हा उपाय नव्हे. पीसीओएसमध्ये बीजं संपलेली नसतात, ती वेळेवर बाहेर पडत नाहीत. मूल हवं असेल तेव्हा बीज बाहेर पडावं म्हणून लेट्रोझोल ही पहिली गोळी. ती पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली घेतात आणि बऱ्याच जणींना त्यापुढे काही लागत नाही. तेव्हा ‘बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडतं’ हे धरून बसू नका. चौदा दिवसांचा हिशेब पुढच्या पाळीपासून मागे लागतो, आणि तुमची पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नसतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या (बीज बाहेर पडण्याचा दिवस सांगणाऱ्या) पट्ट्याही पीसीओएसमध्ये फसवतात, कारण त्या मोजतात ते एलएच हे संप्रेरक आधीच चढलेलं असतं. पहिल्याच भेटीत नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करून घ्यायची, बायकोवर सहा महिने उपचार झाल्यावर नव्हे. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, प्रयत्न सुरू करण्यापूर्वी एक महिना तरी आधीपासून.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करते. वय २०. रोज पहाटे धावते, संध्याकाळी पुन्हा मैदान. चार महिने पाळी नाही. अकॅडमीतल्या मुली म्हणतात, व्यायामाने असं होतंच, चांगलंच आहे. खरं का? (लातूर)

नाही, हे चांगलं नाही. खाण्यातून मिळणारी ऊर्जा धावण्यातच संपली की मेंदू बीजकोशांना जाणारा संदेश आखडता घेतो. पाळी बंद झाली म्हणजे इस्ट्रोजेन खाली गेलेलं असतं, आणि नेमकं याच वयात हाडं भरत असतात. त्याचा फटका मैदानावरच बसतो: नडगीत किंवा पावलात बारीक चीर पडते आणि ऐन चाचणीच्या आधी ८०० मीटर धावणं बंद होतं. ‘शिन पेन’ म्हणून बर्फ लावत राहू नका. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं महिनाभर टिकलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी गर्भधारणेची चाचणी, मग हिमोग्लोबिन, टीएसएच, प्रोलॅक्टिन, आणि बीजकोशांशी निगडित एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिओल ही संप्रेरकं. एवढं करूनच ‘व्यायामामुळे’ म्हणायचं. पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद असेल तर हाडांच्या घनतेची तपासणीही लागते. यावर उपचार म्हणजे खाणं वाढवणं. पहाटे रिकाम्या पोटी धावणं आधी बंद करा: निघण्यापूर्वी एक केळं किंवा तीन-चार खजूर. धावून आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि शेंगदाण्याची चिक्की, किंवा दोन अंडी आणि भाकरी. दुपारच्या जेवणात एक भाकरी जास्त, वर तेल-शेंगदाण्याची चटणी. रात्री डाळ घट्ट. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. वजन ‘नॉर्मल’ असलं तरी हे लागू होतं. पाळी परत यायला कित्येक महिने लागू शकतात. तोवर केवळ रक्तस्राव दिसावा म्हणून गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर मूळ कारण झाकलं जातं आणि हाडांनाही म्हणावा तसा फायदा होत नाही.

प्रश्न : गौरी-गणपतीत पाळी येणार आहे. पुढे ढकलण्याची गोळी मेडिकलमधून आणून घेतली तर चालेल का? दरवर्षी सण आणि लग्नं मिळून तीन-चार वेळा घ्यावी लागते.

ही गोळी नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा, ठरावीक वेळी घेतात. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, थोडी जास्तही जाते. अपयशाची कारणं बहुधा दोनच: उशिरा सुरुवात किंवा चुकलेले डोस. पाळी आधीच आली असेल, किंवा डाग दिसू लागल्यावर पहिली गोळी घेतली, तर ती थांबवता येत नाही. ज्यांचं चक्र अनियमित आहे त्यांना तर ‘तीन दिवस आधी’ म्हणजे कधी हेच सांगता येत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताणू नका.

या गोळीला निरुपद्रवी समजणं मात्र धोक्याचं आहे. एवढ्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेली, लखलखाटाची अर्धशिशी असलेली, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असलेली, गरोदर असण्याची शक्यता असलेली, किंवा ज्यांच्या रक्तस्रावाचं कारणच अजून सापडलेलं नाही अशी कुणीही ती घेऊ नये. गोळी चालू असताना एकच पोटरी सुजून दुखली, धाप लागली किंवा छातीत कळ आली तर गोळी बंद करून तडक दवाखाना गाठा. ही गोळी गर्भनिरोधक नाही, हेही लक्षात असू द्या. वर्षातून तीन-चार वेळा घ्यावी लागत असेल तर डॉक्टरांशी बोलून नेहमीची गर्भनिरोधक गोळीच सलग घेण्याचा पर्याय जास्त नीट बसतो.

पाळीत गौरी बसवायला, नैवेद्य रांधायला वैद्यकशास्त्राची काहीही हरकत नाही. श्रद्धेचा निर्णय तुमचा. पण घरातल्या दडपणाखाली, स्वतःची इच्छा नसताना ही गोळी गिळू नका.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. आशाताईंच्या सांगण्यावरून सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ इंजेक्शन घेतलं, दोन झाली. पाळी येतच नाही. सासूबाई म्हणतात, घाण रक्त आत साठतंय, पोटात गोळा होईल.

आत काहीही साठत नाही. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणजे डीएमपीए (प्रोजेस्टेरॉन गटातलं औषध), १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. या औषधाने अस्तर पातळच राहतं, मग गळायला काही उरत नाही. बाळ अंगावर पीत असेल तर त्यानेही पाळी लांबते. पहिल्या तीन-सहा महिन्यांत अधूनमधून डाग लागणं आणि वर्षभरात पाळी पूर्ण बंद होणं, दोन्ही या इंजेक्शनचे माहीत असलेले परिणाम आहेत. पाळीचं रक्त घाण नसतंच, ते अस्तराचे तुकडे आणि रक्त एवढंच असतं.

काळजीचं काय ते पाहा: ठरलेल्या तारखेपेक्षा चार आठवड्यांहून जास्त उशीर झाला तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी लघवीची चाचणी करा. इंजेक्शनची जागा चोळू नका, औषध लवकर शोषलं जातं. दुसरं मूल वर्षभरात हवं असेल तर हे इंजेक्शन योग्य नाही, कारण शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. पाळी बंद होण्याची धास्ती जात नसेल तर ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी विचारून पाहा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध संप्रेरक गटातलं नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. तिच्यातही पाळी लांबते, पण १५ दिवसांपेक्षा जास्त लांबली तर गर्भधारणेची चाचणी करायची. तांबी हा तिसरा मार्ग. तिच्यात सुरुवातीचे काही महिने पाळीला रक्त जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवा.

प्रश्न : अविवाहित, वय २२. दोन महिन्यांत तीन वेळा ७२ तासांवाली गोळी घेतली. आता पाळी दहा दिवस पुढे गेली आहे. मैत्रीण गर्भपाताच्या गोळ्या आणून देते म्हणते.

आज किंवा उद्या सकाळी लघवीची चाचणी करा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमच्या या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होते, वारंवार घेतली तर मधेच डागही लागतात. पण सात दिवसांपलीकडे उशीर झाला की चाचणी झालीच पाहिजे. गोळी घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली असेल तर तो डोस गेलाच. त्या गोळीने पुढच्या संबंधांपासून संरक्षणही मिळत नाही.

चाचणी होकारार्थी आली तरी मैत्रिणीच्या गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत अडकलेला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही; रक्तस्राव सुरू होतो, सगळं ठीक झालं असं वाटतं आणि आत नळी फुटते. सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे आणि दिवस नऊ आठवड्यांच्या आत आहेत, हे पाहूनच डॉक्टर या गोळ्या देतात. गर्भपात कायद्याने तुम्हाला हक्क आहे. १९७१चा कायदा २०२१ साली बदलला, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला वेगळी वागणूक देता येणार नाही असा निर्णय दिला. १८ पूर्ण असतील तर फक्त तुमची संमती पुरे. आईवडिलांची किंवा जोडीदाराची सही लागत नाही, आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणं यांपैकी काही असेल तर चाचणीची वाट न बघता रुग्णालयात जा.

प्रश्न : माझी बहीण ३४ वर्षांची, दोन लेकरं. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी कधी वीस दिवसांनी येते आणि आठ-नऊ दिवस जाते. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी करून ‘पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करायचं ठरतंय. (बीड)

ऑपरेशनची तारीख आधी रद्द करा, मग हे उत्तर बहिणीला वाचून दाखवा. तिला होणारा त्रास खरा आहे. पण तिच्यावर अजून एकही उपचार झालेला नाही, आणि उपचार न करता चौतिसाव्या वर्षी पिशवी काढणं चूक आहे.

‘सूज’ हा शब्द बहुतेक वेळा रिपोर्टमधल्या ‘बल्की’ या शेऱ्यावरून येतो. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, तो आजार नाही. ‘तोंडाची जखम’ म्हणजे पुष्कळदा पिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूचा लालसर, नाजूक थर बाहेर दिसणं. तो कर्करोग नव्हे आणि कर्करोगाची पायरीही नव्हे. मात्र नुसतं बघून किंवा सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल काहीच सांगता येत नाही. त्याची तपासणी वेगळी आणि सोपी आहे: तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून एक मिनिटाने पांढरा चट्टा उमटतो का ते पाहतात. तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी ही व्हीआयए तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. पॅप (तोंडावरच्या पेशींची) किंवा एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची) चाचणी मिळाली तर उत्तम.

पांढरं जाणं. त्याचा वास, रंग, खाज विचारून, आतून तपासून डॉक्टर जंतुसंसर्गाच्या गोळ्या देतात. काही संसर्गांत नवऱ्यालाही त्याच वेळी औषध घ्यावं लागतं, नाहीतर महिन्याभरात सगळं परत येतं. फडात ना आडोसा ना पाणी, एकच कापड दिवसभर राहतं, ओलं कापड कोपीत सावलीला वाळतं. यातून जळजळ आणि संसर्ग वाढतो. कापड किंवा पॅड चार-सहा तासांनी बदलायला, धुतलेलं कापड उन्हात वाळवायला, आणि खाड्याच्या (मजुरी कापली जाण्याच्या) भीतीने लघवी रोखून न धरायला तिला जागा मिळाली पाहिजे. हे तिच्या एकटीच्या हातात नाही. नवरा आणि टोळीनेही ते बघायला हवं.

पाळीचा रक्तस्राव. त्यासाठी गर्भधारणेची चाचणी, हिमोग्लोबिन, टीएसएच आणि चांगल्या ठिकाणी योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी एवढं पुरे. पंचेचाळिशीपुढे, किंवा त्याआधी वजन फार जास्त असेल, मधुमेह असेल अथवा औषधांनी फरक पडत नसेल, तर अस्तराचा तुकडा तपासायचा. बारीक नळीने तो ओपीडीतच काढता येतो. कारण किरकोळ असेल तर जास्त रक्त जाणाऱ्या दिवसांतच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवसांपर्यंत. पूर्वी गुठळी झाली असेल तर नाही. सोबत किंवा त्याऐवजी मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर तीनदा. त्याने रक्तही कमी होतं आणि दुखणंही. हे पुरेसं न पडल्यास संप्रेरकांच्या गोळ्या, नाहीतर पिशवीत बसवायचं लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं साधन. ते किमान पाच वर्षं काम करतं. बसवल्यावर तीन-सहा महिने डाग लागत राहतात हे आधी सांगितलं नाही तर बाई ते काढून टाकते. पुढे रक्त अगदी थोडं जातं. अस्तराजवळची छोटी गाठ असेल तर दुर्बिणीने तेवढीच काढता येते.

पिशवी काढणं कधी बरोबर? कर्करोग निघाला तर. गाठी मोठ्या असून औषधांनी रक्त थांबत नसेल, पिशवी अंगाबाहेर येत असेल, किंवा ॲडिनोमायोसिसचं (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरल्याचं) दुखणं सगळे उपाय करूनही असह्य असेल, आणि बाईने स्वतः समजून निर्णय घेतला असेल तर. ‘पुढे कॅन्सर होईल’ हे कारण या यादीत बसत नाही.

ऑपरेशनने कामाचे खाडे वाचतील, हा हिशेबही उलटा पडतो. नंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं. मोळी डोक्यावर घेणं तर सोडाच. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पस्तिशीच्या आत पाळी जाण्याचे सगळे परिणाम अंगावर येतात: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढे हृदयविकाराचा वाढता धोका. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात. बीड जिल्ह्यात हे किती घरांत घडलं, ते सरकारी पाहणीतच आलं आहे. २०१९ साली राज्याने नेमलेल्या समितीसमोर ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती.

आता करायचं ते असं. सगळे रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दुसरं मत घ्या. तिथे विचारा: नेमका आजार कोणता? तो तपासणीत कुठे दिसतो? कोणती औषधं, किती महिने देऊन पाहणार? ऑपरेशन करायचंच झालं तर बीजकोश ठेवणार का, आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवणार का? हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर लोहाची गोळी आजपासूनच सुरू करा. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौचाला काळं होईल, त्याची भीती नको. आकडा भरून आल्यावरही तीन महिने चालू ठेवायची, तेव्हा कुठे अंगातला साठा भरतो.

प्रश्न : वय ५३. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. परवा एकदाच थोडा लाल डाग दिसला, मग काही नाही. उष्णतेने असेल का?

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर एकदाही, थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याची तपासणी व्हायला हवी, आणि ती पंधरा दिवसांच्या आत. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, योनीचा किंवा अस्तराचा कोरडेपणा. पण पिशवीच्या अस्तराचा कर्करोग पहिली खूण अशीच देतो आणि या टप्प्यावर सापडला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर धोका फार कमी. जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर तुकडा काढून तपासायचा. पॅप चाचणी चांगली आली म्हणून थांबू नका, ती पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, अस्तराची नव्हे. जाताना रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी, स्तनाच्या कर्करोगानंतरचं टॅमॉक्सिफेन किंवा पाळी गेल्यावर सुरू केलेली संप्रेरकं यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा, कारण त्यावर पुढच्या तपासण्या ठरतात.